उजेडाचा हिशेब

यंदाच्या स्नेहसंमेलनाचे फोटो मी काढले आणि तेव्हापासून कॉलेजात माझी उगाचच थोडी कीर्ती झाली आहे. जिन्यात, कँटीनमध्ये, लायब्ररीच्या रांगेत कोणी ना कोणी गाठते आणि विचारते, "कॅमेरा कोणता घेऊ गं?" विचारणाऱ्याला माझे उत्तर बहुधा आवडत नाही. मी म्हणते, "कोणताही घे. फक्त त्याच्या चकतीवर 'ऑटो' अशी हिरवी खूण असते, तिच्यावरून बोट काढ." समोरचा चेहरा लगेच पडतो. एवढे पैसे मोजून घेतलेले यंत्र आपणहून काही करणार नसेल तर ते घ्यायचे तरी कशाला, असा त्याचा रोकडा सवाल असतो. वार्षिकाच्या संपादकांनी मात्र माझे बोलणे मनावर घेतले. "तुझे ते एफ-बीफ काय असते ते एकदा लिहूनच टाक," असे त्यांनी फर्मावले. म्हणून हा लेखनप्रपंच!

आधी त्या हिरव्या खुणेविषयी. ती वाईट मुळीच नाही. पंक्तीत वाढणारा हुशार वाढपी असतो ना, कोणाला किती भूक आहे हे न विचारता सगळ्यांना दोन-दोन वाढत जाणारा, तसे तिचे असते. बहुतेकांचे त्यात भागते. ज्याचे भागत नाही त्याने काय करायचे, हा खरा प्रश्न. माझे भागत नव्हते. ते का, हे पुढे येईलच.

माझे मामा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवीत. आता त्या गाळ्यात झेरॉक्सचे यंत्र आहे आणि फोटो निघतात ते पासपोर्टाच्या मापाचेच. पण काचेच्या कपाटात मामांचा जुना याशिका अजून बसलेला आहे. दोन भिंगे एकावर एक, छातीशी धरायचा आणि वरून विहिरीत डोकावल्यासारखे खाली बघायचे. एका रोलात बारा फोटो. बारा झाले की समोर नवरानवरी असोत, नाहीतर आमदारसाहेब असोत, रोल बदलेपर्यंत सगळ्यांनी हार धरून थांबायचे. मामा सांगतात की लग्नाला निघताना ते घरीच ठरवून जात : अक्षतांचे दोन, सप्तपदीचा एक, विहिणींचा एक, कन्यादानाचा एक... आणि एक शिल्लक, कारण लग्नात ऐनवेळी कोणीतरी रुसतेच आणि समजूत पटल्यावर त्याचा फोटो काढावा लागतो!

याच मामांनी काही वर्षांपूर्वी निकॉनचा डी ३२०० हा डिजिटल कॅमेरा जुन्या बाजारातून घेतला. हे मॉडेल २०१२ साली निघाले, म्हणजे आजच्या हिशेबाने म्हातारेच. मी एफ. वाय. ला आले तेव्हा त्यांनी तो माझ्या स्वाधीन केला. पण पहिला धडा दिला तो कॅमेरा हातात न देता. आम्ही त्यांच्या रानात होतो. कांद्याला पाणी चालू होते आणि मामा दारे धरीत होते. खोऱ्याने पाटाची माती ओढता ओढता म्हणाले, "हे बघ, वाफा भरायला तीन गोष्टी बघाव्या लागतात. दारं किती रुंद फोडायचं, ते किती वेळ उघडं ठेवायचं आणि खालची जमीन कसली आहे. फोटोचंही तेवढंच. पाण्याच्या जागी उजेड धर."

मित्रहो, कॅमेऱ्याची जाडजाड पुस्तके मी नंतर वाचली. त्यांत या तीन वाक्यांपलीकडचे फारसे मूळ असे काही नाही. दाऱ्याची रुंदी म्हणजे ॲपर्चर, ते उघडे ठेवण्याचा वेळ म्हणजे शटरचा वेग आणि जमिनीचा कस म्हणजे आयएसओ. गंमत अशी की ही तिन्ही एकाच मापाने चालतात. एक पायरी वर चढले की उजेड दुप्पट, एक पायरी उतरले की निम्मा. दारे निम्मे केले तर वेळ दुप्पट करावा, वाफा तेवढाच भरतो. एफ ८ आणि सेकंदाचा १२५ वा भाग, एफ ५.६ आणि २५० वा भाग, एफ ४ आणि ५०० वा भाग, या तिन्ही जोड्यांत कॅमेऱ्यात शिरणारा उजेड सारखाच. हिशेबवहीत तिन्ही नोंदी एकच. पण फोटो मात्र तीन निराळे! हे ज्या दिवशी मला उमगले त्या दिवशी मी हिरवी खूण सोडली. उजेडाचा हिशेब यंत्रालाही जमतो. तीन फोटोंतला मला कोणता हवा, हे त्याला कोण सांगणार?

एकेक घेऊ. एफच्या आकड्यांनी नवशिक्याला पहिला दणका बसतो, कारण ते उलटे चालतात. एफ २ म्हणजे मोठे दार आणि एफ १६ म्हणजे फट. आम्हा कलाशाखेच्या मंडळींना हा आकड्यांचा अन्याय वाटतो, पण त्यात गूढ काही नाही. लेन्सचे नाभीय अंतर भागिले दाराचा व्यास, एवढाच तो आकडा. ५० मिलिमीटरच्या लेन्सचे दार २५ मिलिमीटर उघडले की एफ २, आणि सव्वासहा मिलिमीटर उघडले की एफ ८. मोठ्या आकड्याने भागले की उत्तर लहान येते, हे चौथीतले गणित. मग १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही विचित्र पावले कशी? गणित विभागातल्या माझ्या मैत्रिणीने ते कँटीनच्या टेबलावर सांडलेल्या चहात बोटाने वर्तुळ काढून समजावले : वर्तुळाचे क्षेत्रफळ दुप्पट व्हायला व्यास दुप्पट करावा लागत नाही, तो दोनाच्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे १.४ ने वाढवला की पुरे. म्हणून आधीच्या आकड्याला १.४ ने गुणत जायचे. तेवढ्यात पोऱ्याने टेबल पुसले आणि व्याख्यान संपले.

दार मोठे उघडले की उजेड भरपूर येतो, पण ज्याच्यावर फोकस धरला तेवढेच ठळक राहते. त्याच्या पुढचे-मागचे सगळे विरघळते. दार बारीक केले की पुढचे-मागचे सारेच स्वच्छ होत जाते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा ग्रुप फोटो आठवा. तीन रांगा, खाली बसलेले, खुर्च्यांवरचे सर-मॅडम आणि मागे उभे असलेले दांडगे. इथे एफ २.८ लावला तर पुढची रांग कोरीव आणि मागची धुक्यात, असे व्हायचे. मागच्यांनी आठ दिवस श्रमदान केलेले असते, त्यांनी धुक्यात का जावे? तेव्हा एफ ८ आणि फोकस अगदी पुढच्यावर न धरता रांगांच्या खोलीत साधारण एक तृतीयांश आत, कारण फोकसच्या मागे जितके ठळक राहते तितके पुढे राहत नाही. आता, एफ ८ ने चांगले होते तर एफ २२ ने आणखी चांगले होईल, असे मात्र समजू नये. फट फारच अरुंद झाली की उजेड तिच्या कडांवरून वळतो. भौतिकशास्त्राची मंडळी याला विवर्तन म्हणतात. त्याने सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. अतिशहाणपणाला इथेही शिक्षा आहेच.

हल्लीचे फोन मागचा भाग धूसर करून देतात. पण फोनचे भिंग आणि त्यामागचा सेन्सर इतका लहान असतो की खरे धूसरपण त्याला फारसे जमत नाही. तो कुठले जवळ, कुठले लांब याचा अंदाज बांधतो आणि मागचे गणिताने पुसतो. गणित चुकले की पदराचा काठ आणि कपाळावरची बट मागच्या भिंतीत विरून जाते. एकदा नीट बघा.

शटरविषयी सांगायचे तर आधी थोडा इतिहास. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. पुढे काळ कमी झाला तरी स्टुडिओत गिऱ्हाइकाची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावीत. मुंबईला १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. त्या पिढीने काचेवर रसायन ओतून, ते ओले आहे तोवर फोटो काढून धुवायचा, असे उद्योग मुंबईच्या उकाड्यात केले. माझा हा म्हातारा निकॉन सेकंदाच्या ४००० व्या भागात काम उरकतो. तरीही हललेले फोटो आपल्यालाच का मिळतात?

दोन कारणे. एक म्हणजे आपला हात हलतो. त्याला जुना सोपा नियम आहे : लेन्स जितक्या मिलिमीटरची, निदान तितका वेग. ५० ची लेन्स तर १/५० च्या खाली हातावर भरवसा ठेवू नये, २०० ची असेल तर १/२०० च्या. माझ्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला त्यात आणखी निम्मी भर घालावी, म्हणजे ५० ला १/८० तरी. कोपरे बरगड्यांशी टेकवायची, डावा हात भिंगाखाली, श्वास अर्धा सोडायचा आणि बटण दाबायचे नाही, चेपायचे. सायकलचे ब्रेक आवळतो तसे.

दुसरे कारण समोरचा हलतो. इथे नियम नाही, इथे आपली इच्छा. यंदा संमेलनात मुलांनी लेझीम सादर केले. रंगीत दिव्यांत मी आधी १/५०० वर काढून पाहिले. हवेत लेझीम, हवेत पाय, सगळे काही ठप्प. फोटो स्वच्छ होता, पण त्यात ढोलकी ऐकू येईना. संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत मांडून ठेवल्यासारखी पोरे दिसत होती. मग वेग १/६० वर आणला. लेझीम खेळणारा खाली वाकतो आणि उसळून वर येतो, त्या दोहोंच्या मधे त्याचे अंग क्षणभर थांबते. झोका उंच जाऊन थांबतो ना, तसे. तो क्षण धरला की चेहरा स्पष्ट येतो आणि हातांची, लेझमांची मात्र नुसती रेघ उमटते. सूचनाफलकावर लागलेला तो फोटो पाहून एक सर म्हणाले, "हात हललेत." मी म्हटले, "हो सर, हलत होते."

आयएसओवर फार रेंगाळत नाही. मामा अजून 'एएसए' म्हणतात. अमेरिकेचे एएसए आणि जर्मनीचे डिन अशी दोन मापे पूर्वी होती. १९७४ साली ती जोडून आयएसओ हे जागतिक माप आले, ते मामांच्या जिभेपर्यंत पोचलेले नाही. फिल्मच्या दिवसांत हा आकडा रोलबरोबर ठरून यायचा. शंभराचा रोल घातला की छत्तीस फोटो संपेपर्यंत शंभरच. आता दर फोटोला जमीन बदलता येते, ही डिजिटलची मोठीच सोय. १०० म्हणजे काळी कसदार जमीन, पाणी खूप पिते पण पीक भरदार. ३२०० म्हणजे माळाची हलकी जमीन, थोड्या पाण्यात भिजते आणि पिकही तसेच येते. फोटोवर रवाळ दाणे दिसू लागतात. (शेतात दाणे हवेत, फोटोत नकोत, एवढाच फरक!) कारण सेन्सरचा कस खरोखर वाढत नसतो. आलेला क्षीण संकेत फुगवला जातो आणि त्याच्याबरोबर कचराही फुगतो. तरी नवशिक्यांना माझे सांगणे असे, की दाण्यांना भिऊ नका. दाणेदार पण स्थिर फोटो पाहवतो, हललेला चेहरा पाहवत नाही.

आणि मीटर नसेल तेव्हा? फिल्मच्या रोलाबरोबरच्या कागदावर सूर्य, ढग, सावली अशी चित्रे छापून तक्ता दिलेला असे. त्यातली सूर्याची ओळ अजून पाठ करण्याजोगी आहे : कडक ऊन असेल तर एफ १६ आणि शटरचा वेग आयएसओइतका. आयएसओ १०० ला १/१०० किंवा १/१२५. कुठल्याही कॅमेऱ्यावर करून पाहा, यंत्राशिवाय जमते.

आता मीटर. माझ्या मते नवशिक्यांनी सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे, आणि पुस्तके नेमकी इथेच घाईत असतात. कॅमेऱ्याचा मीटर उजेड मोजतो, पण समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसते. तो एकच गोष्ट गृहीत धरून चालतो : समोरचे जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. म्हणून पांढरे दाखवले की तो ते अंधारवून करडे करतो आणि काळे दाखवले की उजळवून करडेच करतो. वारीत फोटो काढायला गेलेल्यांना हे पक्के ठाऊक असते. हजारो पांढऱ्या टोप्या आणि पांढरी धोतरे. कॅमेरा बिचारा दिपतो, उजेड तोडतो आणि टोप्यांखालचे रापलेले चेहरे कोळशासारखे येतात. टोप्या दिसतात, वारकरी दिसत नाहीत.

यावरचा इलाज कॅमेऱ्यावरच असतो. अधिक-उणे अशी खूण असलेले बटण. पांढरे फार असेल तर अधिक एक, अधिक दीड, काळे फार असेल तर उणे. कॅमेऱ्याला सांगायचे, "तुझे बरोबर आहे, पण इथे माझे ऐक."

हे मी इतके लांबवते आहे याला कारण आमची आजी.

आजी काळी आहे. सावळी, गव्हाळ असे शब्द आमच्याकडे लग्नाच्या माहितीपत्रकासाठी राखून ठेवतात. आजी स्वतःला सरळ काळी म्हणते. तिचाच रंग मला आला आहे. फोटोच्या दुकानांतून या रंगाचे काय होते ते मला चांगले ठाऊक आहे. ओळखपत्रासाठी फोटो काढायला गेले होते तेव्हा एका दुकानातल्या पोराने मला न विचारता दोन छटा उजळून दिली. वर "ताई, छान केलंय" असेही म्हणाला. त्याने कुचेष्टा केली नव्हती, उपकार केले होते! फोनचे कॅमेरेही सौंदर्याच्या नावाने पुष्कळदा हेच उपकार करतात. हे काही आपल्याकडेच आहे असे नव्हे. कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुनाचित्र पाठवी, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. अनेक वर्षे त्या चित्रात गोरीच बाई असे. तिचा रंग बरोबर आला की रंग बरोबर. गडद कातडीच्या माणसांचे काय, हा विचार नीटपणे व्हायला १९७०-८० चे दशक उलटावे लागले, आणि त्यातही तक्रार परिणामकारक ठरली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांची. त्यांच्या तपकिरी छटा जाहिरातीत नीट येत नव्हत्या म्हणून.

आमच्या सोप्यात आजोबांचा फोटो आहे. ते गेले तेव्हा त्यांचा एकही धड फोटो घरात नव्हता. मतदार ओळखपत्रावरचा नखाएवढा चेहरा कुठेतरी देऊन मोठा करून आणला. करणाऱ्याने आजोबांना गोरे केले, मिशी काळी केली आणि अंगात कोट घातला. आजोबांनी जन्मात कोट घातला नव्हता. तेराव्याला तो फोटो पाटावर मांडला तेव्हा आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो कोन सायब आनून ठिवलाय?" मंडळी हसली. ती हसली नव्हती. रोज सकाळी ती त्या फोटोला फूल वाहते, पण मान वर करून बघत नाही. हे माझ्या लक्षात आलेले आहे.

तेव्हा आजीचा फोटो आजीसारखा काढायचा, हे मी कॅमेरा मिळाल्यापासून ठरवले होते. तिला तयार करायलाच दोन दिवाळ्या गेल्या. "म्या काळीभोर, माजा काय फोटू काढतीस? उजेड वाया जायाचा," हे तिचे ठरलेले उत्तर. शेवटी गेल्या मार्गशीर्षात ती कबूल झाली, तीही हात रिकामा राहणार नाही या अटीवर. म्हणून मांडीवर सूप घेऊन, तूर पाखडत.

आधी मुद्दामच कॅमेऱ्याच्या मर्जीने काढून पाहिले. सोप्यात चुन्याच्या भिंतीपुढे तिला बसवले. अपेक्षेप्रमाणे भिंत करडी आणि आजी कोळसा. डोळे कुठे आहेत ते शोधावे लागत होते. मग माजघराच्या काळोख्या दारात बसवले. आता चौकटीत काळोखच जास्त, तो पाहून कॅमेऱ्याने उजेड ओतला आणि आजी पिठात लोळून आल्यासारखी दिसू लागली. एकच बाई, पाच मिनिटांत एकदा कोळसा आणि एकदा पीठ! आणि दोन्ही वेळा यंत्राच्या मते फोटो अगदी बरोबर.

दुसरा फोटो आजीला दाखवला. म्हणाली, "ह्यो चांगलाय की! गोरी दिसतीया." मला तेव्हा जे वाटले ते लिहिता येत नाही. मी म्हटले, "आजी, हा पुसते. आपण अजून एक काढू."

आमचे दार पूर्वेचे. दुपारनंतर ऊन घरामागे जाते आणि अंगणातल्या मातीवरून परतलेला मऊ उजेड सोप्यात शिरतो. फोटोला याहून चांगला उजेड पैसे देऊन मिळत नाही. आजीला मी माजघराच्या उंबऱ्याशीच ठेवले, पण तोंड अंगणाकडे जरासे वळवून. उजेडाची बाजू छान उमटली, दुसरी मात्र अंधारात बुडाली. तिथे मला सुब्रत मित्र आठवले. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' या १९५६ च्या चित्रपटात बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. तिथे त्यांनी दिवे थेट न रोखता ताणलेल्या पांढऱ्या कापडावरून उजेड परतवला आणि आकाशातून उतरल्यासारखा मऊ प्रकाश मिळवला. मला फक्त पांढरे कापड हवे होते. आजीला विचारले तर ती उठली आणि ट्रंकेतून घडी घातलेले आजोबांचे धोतर घेऊन आली. ते मी अंधाऱ्या बाजूला दोन खुर्च्यांवर पसरले. गालावर एक हलकी साय चढावी तसा उजेड आला.

राहिला मीटर. मामांची एक जुनी युक्ती आहे. कातडी काळी असो की गोरी, तळहात सगळ्यांचे रंगाने जवळजवळ सारखे, आणि ते त्या मध्यम करड्यापेक्षा एक पायरी उजळ. म्हणून फक्त तळहातावरचा उजेड मोजायचा आणि मीटर सांगेल त्याच्या दुप्पट द्यायचा. मी मीटर बिंदूवर लावला, चकती 'एम' वर नेली, म्हणजे आता कॅमेऱ्याने मधे बोलायचे नाही, आणि आजीला म्हटले, "हात गालापाशी धर, तळवा माझ्याकडे."

"हात बघतीस व्हय? आता काय उरलंय त्यात बघायला," असे म्हणत तिने हात धरला. खुरप्याने पडलेले घट्टे, मधल्या बोटाचे तुटून जुळलेले पेर. त्या तळव्यावर मीटर म्हणाला, एफ २.८, १/२५०, आयएसओ ४००. मी वेग १/१२५ केला. दार २.८ ठेवले, कारण मागचे माजघर विरायला हवे होते, पण सूप आणि हात ओळखू यायला हवे होते. फोकसचा एकच बिंदू ठेवून तो जवळच्या डोळ्यावर धरला. पांढऱ्याचा तोल सावलीच्या खुणेवर ठेवला, नाहीतर अशा उजेडात कातडीवर निळसर झाक चढते. मग वाट पाहिली. तूर पाखडताना आजी दर चार-पाच झोक्यांनंतर सूप थांबवते आणि एक खडा शोधते. तो सापडला की तिच्या तोंडावर काहीतरी येते. तेवढा क्षण.

मोठी प्रत मामांनी स्वतः आठ बाय दहाच्या मॅट कागदावर छापून आणवली. काही न बोलता बराच वेळ पाहिली आणि मग विचारले, "किती काढलेस?" मी म्हटले, "बारा." ते हसले.

आजीने फोटो दोन्ही हातांत धरून दारात नेला, उजेडात तिरपा करून पाहिला. "काळीच हाय," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "माज्या आईवानी दिसतीया की गं मी." तिच्या आईचा फोटो कुणीच कधी काढला नव्हता. मी तो भिंतीवर लावू का विचारले तर तिने मला वेड्यात काढले. जित्या माणसाचा फोटो भिंतीवर लावीत नाहीत. तिने तो धोतराच्या घडीत घातला आणि ट्रंकेला कुलूप लावले.

ही गोष्ट गल्लीत फुटली. आता शेजारच्या चौघीजणी आपापली लुगडी नेसून तयार आहेत. त्यांतल्या एकीला सूप नको, तिला जात्यावर बसायचे आहे. मी त्यांना रविवारी बोलावले आहे, चारनंतर. सोप्यात तो उजेड तासभरच असतो.